लेकी बोले, सुने लागे : म्हणी, नीती आणि संग्राहक

१

एखाद्या समाजाची नीती त्याच्या म्हणींवरून सांगता येते, ही समजूत अभ्यासकांत आणि सामान्य वाचकांत सारखीच रूढ आहे. म्हणींना 'लोकांचे शहाणपण' म्हणण्याची आपली सवय याच समजुतीतून आलेली आहे. ती कितपत टिकते हे पाहण्यासाठी आरंभी एक दूरचे उदाहरण घेऊ. कारण तेथे हा प्रश्न अगदी उघडा पडलेला आहे.

प्राचीन केल्ट लोकांत द्रुइद नावाचा विद्वान पुरोहितांचा एक वर्ग होता. ज्यूलियस सीझरने गॉलमधील युद्धांचा वृत्तांत लिहिताना त्याच्या सहाव्या भागात सांगितले आहे की, हे लोक आपली विद्या लेखनाच्या स्वाधीन करणे गैर मानीत आणि त्यांचे काही शिष्य वीस वीस वर्षे पाठांतरात घालवीत. साहजिकच त्यांच्या नीतिविचाराचा त्यांनी लिहिलेला असा ग्रंथ उरला नाही. उरली ती इतरांनी सांगितलेली वचने. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील डायोजीनिस लेअर्शस हा ग्रीक चरित्रकार देवांचा मान राखावा, दुष्कृत्य करू नये आणि शौर्य अंगी बाणवावे असा तीन कलमी उपदेश नोंदवतो. मराठी वाचकाला मौजेची वाटावी अशी गोष्ट ही की, हा उपदेश तो द्रुइदांचा आणि भारतातील दिगंबर तपस्व्यांचा असा एकत्रच सांगतो. ग्रीक लेखकाच्या दृष्टीने दोघेही 'परके शहाणे' होते. एवढे साम्य त्याला पुरले.

पुढे आयर्लंडमध्ये नवव्या शतकाच्या सुमारास तीन-तीन गोष्टी एकत्र गुंफणारी वचने, म्हणजे 'त्रिके', लिहून ठेवली गेली. कूनो मायर या जर्मन पंडिताने ती १९०६ साली संपादित केली आणि राजा कॉर्मकच्या तोंडी घातलेली उपदेशवचने १९०९ साली. परंतु ही वचने लिहून ठेवणारी लेखनपरंपरा ख्रिस्ती मठांत वाढलेली होती. त्यांत जुन्या धर्माचे किती आणि मठाचे किती, हे वेगळे काढणे अशक्यप्राय आहे. वेल्समध्ये तर याहून विलक्षण प्रकार घडला. 'योलो मॉर्गानुग' हे टोपणनाव घेणाऱ्या एडवर्ड विल्यम्सने (१७४७–१८२६) स्वतः रचलेली त्रिके प्राचीन म्हणून पुढे केली. 'बार्दास' या नावाने त्याच्या कागदपत्रांतील मजकूर त्याच्या मृत्यूनंतर १८६२ साली प्रसिद्ध झाला. ही बनावट विसाव्या शतकातील संशोधकांनी उघडकीस आणली. तरीही द्रुइदांची नीती शोधणाऱ्या आधुनिक मनाला याच वचनांकडे वळावे लागते, कारण त्याच्यापाशी दुसरे काही नाही.

येथे तीन प्रकारचे संग्राहक दिसतात : कुतूहलाने पाहणारा परका, नव्या धर्माचा लेखक आणि आपल्या परंपरेवरच्या प्रेमापोटी ती स्वतःच घडवणारा भक्त. तिघांनीही उक्तीचे नीतिवचन केले. हे घडू शकले, कारण ती उक्ती मुळात कोणी, कोणाला, कशासाठी उच्चारली हे सांगणारा कोणीच मागे उरला नव्हता. मराठीची गोष्ट वेगळी आहे. आपल्या म्हणी बोलणारी माणसे हयात आहेत. असे असताना आपणही म्हणींचे वाचन त्या बोलणारा समाज नष्ट झाल्यासारखे का करतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२

या वाचनाला इतिहास आहे आणि तो फार जुना नाही. १८१८ साली पेशवाई संपल्यावर या मुलखाचा कारभार चालवण्यासाठी येथील लोकांचे 'नियम' कळणे नव्या राज्यकर्त्यांना निकडीचे झाले. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आर्थर स्टील याने शास्त्र्यांना आणि निरनिराळ्या जातींच्या जाणत्यांना विचारून दख्खनमधील हिंदू जातींच्या कायद्याचा व रूढींचा सारांश तयार केला. तो १८२७ साली प्रसिद्ध झाला. जातपंचायतीत प्रसंग पाहून, माणूस पाहून, कधी भीड पाहून जे ठरत असे, ते आता कलमाच्या रूपाने कागदावर आले. १८६८ साली रामनाद संस्थानाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो धर्मशास्त्राच्या लिखित वचनाहूनही वरचढ ठरतो, असे तत्त्व सांगितले. याचा अर्थ असा की, 'असे चालत आले आहे' हे वाक्य आता न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहू शकत होते.

म्हणींचे संकलन याच काळातले आहे. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या आणि १८५७ साली वाढवलेल्या कोशात शब्दांच्या आधाराने कितीतरी म्हणी आल्या. तेथे निदान शब्दाचा उपयोग दाखवणे हा हेतू होता. १८९९ साली ऑक्सफर्डहून रेव्हरंड ए. मॅन्वेअरिंग यांचा मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह निघाला. चर्च मिशनरी सोसायटीचे ते मिशनरी. याच संस्थेने १८५४ साली नाशिकजवळ शरणपूरची वसाहत उभी केली होती. त्यांच्या संग्रहात म्हणींची वर्गवारी विषयवार आहे. प्राणी, अन्न, घर, पैसा, नातीगोती अशा विषयांखाली म्हण गेली की ती कोणत्या विषयावर आहे हे कळते; ती कोणावर आहे हे कळत नाही.

पुढची पायरी निर्णायक होती. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त असलेले हर्बर्ट रिस्ले यांनी १९०८ साली भारतीय लोकांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात म्हणी आणि लोकोक्ती यांतून दिसणाऱ्या जातीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. नाकांची मापे घेऊन वंश ठरवणाऱ्या लेखकाने म्हणींवरून जातींचे स्वभाव ठरवावेत, यात त्याच्या दृष्टीने विसंगती नव्हती. दोन्ही मोजमापेच होती. एका जातीने दुसरीला मारलेला टोमणा येथे त्या दुसऱ्या जातीचे वर्णन म्हणून वाचला गेला.

आपल्या कोशकारांचे श्रम याहून फार निराळ्या जातकुळीचे आहेत, हे सांगितले पाहिजे. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा दोन खंडांतील 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' (१९४२ व १९४७) हा भाषेवरच्या निष्ठेतून झाला. पण कोशाची रचनाच अशी असते की, म्हण तेथे अर्थासह एकटी उभी राहते. शालेय व्याकरणाच्या पुस्तकाने तीच रचना आणखी संक्षिप्त केली : डावीकडे म्हण, उजवीकडे अर्थ. म्हणीला एकच अर्थ असतो आणि तो उपदेशपर असतो, हे आपण तेथे शिकलो.

३

मीमांसकांनी वेदवाक्यांचा विचार करताना विधी आणि अर्थवाद असा भेद केला. अमुक करावे असे सांगणारे वाक्य विधी. स्तुती, निंदा, पूर्ववृत्त यांच्या रूपाने येणारे वाक्य अर्थवाद. अर्थवादाला विधी समजले की अनर्थ होतो. म्हणींच्या बाबतीत संग्राहकांची चूक नेमकी हीच आहे, असे मला वाटते. 'बळी तो कान पिळी' ही म्हण पाहावी. ती विधी मानली तर मराठी समाज बळजबरीला धर्म मानतो असा निष्कर्ष निघेल. परंतु ही म्हण कान पिळणारा सहसा उच्चारत नाही. ज्याचा कान पिळला गेला तो, किंवा ते पाहून हळहळणारा तिसरा, ती म्हणतो. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी', 'चोर सोडून संन्याशाला सुळी' यांचेही तसेच आहे. या नीतीच्या आज्ञा नव्हेत. नीती मोडल्याच्या तक्रारी आहेत. तक्रारीच्या मागे एक अपेक्षा असते. ती अपेक्षा म्हणजेच जर नीती असेल, तर ती म्हणीच्या शब्दांत सापडणार नाही; ते शब्द ज्या प्रसंगी वापरले गेले त्या प्रसंगातच सापडेल.

'म्हण' हे नामच मुळी 'म्हणणे' या क्रियापदापासून झालेले आहे. म्हणणारा आणि ऐकणारा यांवाचून तिला अस्तित्व नाही. ही जाणीव खुद्द म्हणींना आहे. 'लेकी बोले, सुने लागे' या चार शब्दांत उच्चाराची एक पूर्ण उपपत्ती आहे : बोलणारी एक, जिला उद्देशून बोलणे चालले ती दुसरी आणि जिला ते लागायचे ती तिसरी. रशियन समीक्षक बाख्तीन याने प्रत्येक उच्चार कोणाला तरी उद्देशून असतो आणि त्यात दुसऱ्यांच्या आवाजांचे प्रतिध्वनी असतात, असे प्रतिपादन केले. आमच्या स्वयंपाकघरांत ही गोष्ट सैद्धान्तिक परिभाषेवाचून ठाऊक होती. सुनेला लागलेले बोलणे संग्राहकाने लेकीच्या नावावर टिपून घेतले, तर त्या घरातील नीतीविषयी त्याला काय कळणार?

आयरिश त्रिकांशी थेट तुलना करता येईल असे एक मराठी त्रिक सर्वांच्या तोंडी आहे : 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी.' संग्राहकाच्या दृष्टीने हा व्यवसायांचा प्रतिष्ठाक्रम. पण हे त्रिक ज्या शतकात संग्रहांत येत होते त्याच शतकात, १८७५ साली, पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि १८७९ साली सरकारला दख्खनमधील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात तर गावच्या उत्पन्नावर कोणाकोणाचा हात फिरतो याचा तपशीलवार हिशेबच आहे. या पार्श्वभूमीवर 'उत्तम शेती' हे वर्णनही उरत नाही.

मग लोक ती म्हण का टिकवतात? याचे उत्तर मला ग्रंथात मिळाले नाही, वर्गात मिळाले. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाला मी घरातील वडीलधाऱ्यांकडून म्हणी मिळवून आणण्यास सांगितले होते. बहुतेकांनी कोशासारख्या याद्या आणल्या. निफाड तालुक्यातील एका विद्यार्थिनीने मात्र प्रत्येक म्हणीपुढे 'कोण, कोणाला, केव्हा' अशी तीन घरे आखली होती. 'उत्तम शेती' या म्हणीपुढे तिने लिहिले होते : आजोबा, काकांना, कांद्याची पट्टी घेऊन लासलगावहून घरी आल्यावर. त्या नोंदीत म्हणीचा अर्थ उलटा झाला होता आणि तो उलटा अर्थ काकांना तत्काळ कळला असणार. तिची ती तीन घरे मला पुष्कळ संग्रहांहून अधिक शास्त्रीय वाटली. प्रस्तुत लेखाची दिशा त्यांनीच दिली, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

४

म्हणीचा वापर हाच तिचा अर्थ असेल, तर ती हिसकावून घेऊन उलट फिरवता आली पाहिजे. मराठीत याचा ठळक पुरावा ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) या निबंधात आहे. सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून एकूण स्त्रीजातीवर ताशेरे झोडले गेले. त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या या बाईंनी हा निबंध लिहिला. पुढे तो विस्मृतीत गेला आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला. या निबंधाचे गद्य घरगुती बोलीचे, ठसकेबाज, म्हणी-वाक्प्रचारांनी भरलेले आहे, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. परंतु त्याची दखल बहुधा शैलीचा विशेष म्हणून घेतली जाते. तो केवळ शैलीचा प्रश्न नाही. ज्या लोकोक्तींच्या बळावर स्त्रीचे दोष 'सर्वमान्य' ठरत, त्याच भाषेत ताराबाई पुरुषांना जाब विचारतात. लोकोक्तीतील 'लोक' कोण, असा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

'नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तक्रार कोणाकडे करायची?' ही म्हण या प्रकाशात वाचावी. काही ठिकाणी नवऱ्याच्या जागी राजा येतो. संग्राहक तिचा अर्थ 'सत्तेपुढे इलाज नसतो' असा देईल आणि त्यातून सहनशीलतेचा उपदेश काढील. पण म्हण प्रश्नार्थक आहे, हे विसरून कसे चालेल? पाऊस, राजा आणि नवरा यांना एका ओळीत बसवणाऱ्या बाईने नवऱ्याचे वागणे नैसर्गिक ठरवले, की राजाचे आणि नवऱ्याचे वागणे पावसाइतकेच बेजबाबदार आहे असा आरोप ठेवला? दोन्ही वाचने शक्य आहेत. कोणते खरे, हे त्या वेळच्या तिच्या आवाजावर ठरेल. आणि आवाज कोशात येत नाही.

तो साहित्यकृतीत काही अंशी येतो. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे मोल या दृष्टीनेही आहे. तेथे बोलीतले शब्द प्रसंगासह येतात. कोण बोलले, कोण गप्प राहिले, कोणाला हसू आले हे सारे सोबत असते. मराठी बायकांच्या नीतिविचाराचा शोध घ्यायचा, तर म्हणींच्या संग्रहाआधी अशा गद्याकडे गेले पाहिजे.

५

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की, प्रसंग परत मिळवून दिला की प्रत्येक म्हण निर्दोष ठरते. तसे नाही. काही म्हणी प्रसंगासह वाचल्या की अधिकच क्रूर दिसतात. 'गाव तिथे महारवाडा' ही त्यांपैकी एक. कोठेही काहीतरी वाईट असायचेच, असा तिचा अर्थ पुस्तकांत दिला जाई. येथे उच्चाराची तिन्ही घरे भरून पाहावीत. म्हणणारा गावातला, ऐकणाराही गावातला, आणि ज्यांचे नाव घेऊन 'वाईट' ही कल्पना सुचवली जाते ती माणसे संभाषणाबाहेर, वेशीबाहेर. लेकीला बोलले ते सुनेला निदान ऐकू तरी जात होते. येथे जिच्याविषयी बोलायचे त्या वस्तीला ऐकणाऱ्याचेही स्थान नाही. आणि ऐकू गेलेच, तर उत्तर देण्याचा अधिकार नाही.

'बामणाघरी लिहिणं, कुणब्याघरी दाणं, महाराघरी गाणं' हे त्रिक वरवर याहून सौम्य आहे. प्रत्येक घराला काहीतरी दिलेले आहे. वर्णनपर वाटणारे हे वाक्य विधी म्हणून वापरले गेले म्हणजे त्याचा अर्थ होतो : गाणाऱ्याने लिहू नये. या त्रिकाला आमच्या जिल्ह्याने दिलेले उत्तर मोठे आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मुंबईत कष्टाची कामे करीत असताना मोठेपणी अक्षरे शिकले आणि लोककवी झाले. त्रिकातील तिसरे घर त्यांनी सोडले नाही. पहिले घर मात्र त्यांनी आपलेसे केले. नाशिकजवळच्या विहितगावी जन्मलेल्या बाबूराव बागूल यांच्या १९६३ सालच्या संग्रहाचे 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव पाहावे. जात ही ज्याला चोरावी लागते तो माणूस प्रथमपुरुषी बोलू लागला, ही मराठी वाक्यरचनेतील घटना आहे.

प्रथमपुरुषाचा मुद्दा मला कळीचा वाटतो. म्हणींत 'मी' सहसा नसतो. असला तर 'मी नाही त्यातली' यासारखा थट्टेसाठी असतो. म्हण कोणाच्याच नावावर नसते म्हणून ती सर्वांची वाटते आणि तिची जबाबदारी कोणावरच येत नाही. 'मी म्हणत नाही, लोक म्हणतात' हे तिचे अदृश्य प्रास्ताविक असते. रूढीचे प्रास्ताविकही तेच. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव कृष्णराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तो काही वर्षे चालला. समोर प्रतिवाद होता तो मुख्यतः वहिवाटीचा : असे चालत आले आहे. बिनचेहऱ्याच्या या वाक्याशी वाद घालता येत नाही, कारण ते कोणी उच्चारलेले नसते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जो निर्धार जाहीर केला, त्याचे महत्त्व भाषिक अंगानेही आहे. जन्म माझ्या हाती नव्हता, पण मरताना मी हिंदू असणार नाही, या त्या निर्धाराच्या आशयाला कर्ता आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांतही बोलणारा 'मी' आहे. प्रतिज्ञाही तोंडीच म्हटली जाते, समूहानेच म्हटली जाते, पाठही होते. पण तिच्यात प्रत्येकाला आपल्या शब्दाचे उत्तरदायित्व घ्यावे लागते. नीती हा शब्द मला येथे अधिक सार्थ वाटतो.

२०२० साली महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलतील. म्हणी शासननिर्णयाने बदलत नाहीत. त्या उच्चारणाऱ्याला कोणी अडवले, तर बदलतात.

६

मग म्हणींचे करायचे काय? आज दोन मार्ग प्रचलित आहेत. एक, बोचऱ्या म्हणी गुपचूप वगळून उरलेल्यांना 'आपला नैतिक वारसा' म्हणणे. हा योलो मॉर्गानुगचा मार्ग आहे. त्याने घातले, आपण काढतो, पण दोघेही आपल्या सोयीची परंपरा घडवतो. दुसरा, सगळ्याच म्हणींना विषमतेचे शेण समजून टाकून देणे. त्यात 'चोर सोडून संन्याशाला सुळी' असे म्हणणाऱ्या माणसाची तक्रारही फेकली जाते आणि पावसात भिजलेल्या बाईचा प्रश्नही.

तिसरा मार्ग कष्टाचा आहे आणि तो विद्यापीठांतील मराठी विभागांनी पत्करावा असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक म्हणीपुढे ती तीन घरे आखावीत आणि जमेल तितकी भरावीत : कोण, कोणाला, केव्हा. वाईट म्हणी वगळू नयेत; त्यांच्यापुढे चौथे घर ठेवावे, त्यांना कोणी काय उत्तर दिले याचे. द्रुइदांच्या बाबतीत हे काम कोणालाच करता येणार नाही, कारण तेथे विचारायला कोणी उरलेले नाही. आमच्याकडे ज्यांना विचारायचे ती माणसे अजून ओट्यावर, बाजार समितीच्या आवारात आणि एस. टी. स्टँडवर बोलत आहेत. त्या विद्यार्थिनीच्या वहीत शेवटच्या एका म्हणीपुढे तिन्ही घरे मोकळी होती. ती का, असे विचारल्यावर तिने सांगितले : ही आजी म्हणाली खरी, पण कोणाला म्हणाली ते सांगायचे तिने टाळले. ते मोकळे घर मी तिला भरायला लावले नाही. त्या म्हणीचा अर्थ तूर्त तेवढाच होता.